घड्याळाचे हात आणि सुईचे नाक

काही वर्षांपूर्वी आमचे इंग्रजीचे एक सहकारी दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचे बारावीचे काही तास आम्हां मराठीच्या दोघा अध्यापकांच्या वाट्याला आले. कवितेखालच्या प्रश्नांत 'अलंकार ओळखा' हा एक गुणाचा प्रश्न असतो, तेवढा घटवून घ्यावा, एवढीच अपेक्षा होती. आम्हांला हे काम सोपे वाटले. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अलिटरेशन म्हणजे अनुप्रास. दोन रकाने आखले, जोड्या लावल्या, काम झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. इंग्रजीत घड्याळाच्या काट्यांना 'हँड्स' म्हणतात आणि तबकडीला 'फेस'. मग ही चेतनगुणोक्ती झाली का?

'झाली' म्हणावे, तर इंग्रजी बोलणारा कोणीही माणूस किती वाजले हे सांगताना कविता करीत नसतो. 'नाही' म्हणावे, तर घड्याळाला हात आले कुठून? आम्ही त्या दिवशी 'हा केवळ वाक्प्रचार आहे' असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर आमच्याच मनाला पटले नाही. पुढे त्या प्रश्नाच्या निमित्ताने इंग्रजीतील अलंकारविचाराचा इतिहास आम्ही जमेल तसा वाचीत गेलो. त्या वाचनातून आमचे जे मत झाले, ते येथे मांडीत आहोत. मत थोडक्यात असे: दोन रकाने आखून आम्ही जे शिकवले, ते त्या इतिहासाचा अगदी शेवटचा, वाळून गेलेला थर आहे. अलंकार ओळखणे म्हणजे त्याचे नाव सांगणे नव्हे. त्याने काय वाहून आणले आणि काय झाकून टाकले, हे सांगणे.

प्रथम शब्दांविषयी. आपण 'अलंकार' म्हणतो तेव्हा मनासमोर दागिना येतो. दागिना नसला तरी देह असतोच. म्हणून अलंकार नसला तरी अर्थ असतोच, अशी समजूत आपोआप रुजते. वास्तविक 'अलम्' या अव्ययात पुरेसेपणाचा, समर्थपणाचा अर्थ आहे, आणि वामनासारख्या आलंकारिकाने तर सौंदर्यालाच अलंकार म्हटले होते. पण शाळेत पोहोचेपर्यंत दागिनाच उरला. इंग्रजीने ग्रीक-लॅटिनमधून जे शब्द घेतले त्यांची मुळे निराळी आहेत. 'ट्रोप' म्हणजे वळण. 'फिगर' आणि त्यामागचा ग्रीक 'स्कीमा' म्हणजे आकार, शरीराची ठेवण. 'मेटाफर' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून नेणे. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये लिहिणाऱ्या क्विंटिलियनने आपल्या बारा भागांच्या वक्तृत्वग्रंथात याचे सुंदर स्पष्टीकरण केले आहे. माणूस सरळ उभा असला तरी त्याला काही एक ठेवण असतेच. पण बसलेला, वाकलेला, मागे वळून पाहणारा माणूस म्हटले की त्याची विशिष्ट ढब डोळ्यांपुढे येते. भाषेचेही तसेच. थाळी फेकण्यासाठी अंग पिळून उभ्या असलेल्या खेळाडूच्या मायरनकृत पुतळ्याचा दाखला तो देतो. त्या पिळण्यातच त्या शिल्पाचे बळ आहे. पीळ हा काही वर चढवलेला दागिना नव्हे. तो देहाचाच आहे.

याच क्विंटिलियनपाशी घड्याळाच्या हातांचे उत्तरही आहे. ज्या वस्तूला स्वतःचे नावच नाही, तिला जवळपासच्या वस्तूचे नाव उसने देणे, या प्रकाराला ग्रीक लोक 'कॅटाक्रेसिस' म्हणत. रूपकात मूळ नाव असते आणि ते बाजूला सारून दुसरे आणले जाते. येथे मूळ नावच नसते. घड्याळाच्या तबकडीवर फिरणाऱ्या पट्टीला जन्मतः कोणते नाव असणार? इंग्रजाला तिच्यात दाखवणारा हात दिसला, आपल्याला टोकदार काटा दिसला. सुईच्या भोकात इंग्रजाला डोळा दिसला. मराठीने त्याला 'नेढे' हे स्वतंत्र नाव दिले आणि शिवाय 'सुईचे नाक'ही म्हटले. डोंगराला मात्र दोघांनीही पाय दिले. म्हणजे या उसनवारीत कविता करण्याचा हेतू नाही, पण पाहण्याची एक रीत आहे, आणि ती भाषेगणिक बदलते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न बरोबर होता. आमच्या दोन रकान्यांत तो बसत नव्हता, एवढेच.

आता इंग्रजीकडे वळू. ग्रीक नावे पोहोचण्यापूर्वी इंग्रजीत अलंकार नव्हते असे मुळीच नाही. ज्याची हस्तलिखित प्रत साधारण इ.स. १००० च्या सुमाराची आहे, त्या 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात उपमा अगदी विरळ आहेत. परंतु समुद्राला 'देवमाशाची वाट' आणि शरीराला 'हाडांचे घर' म्हणणारे जोडशब्द त्यात पदोपदी भेटतात. या रचनेला पुढील अभ्यासकांनी 'केनिंग' हे नाव दिले. आपल्या सामासिक शब्दांशी तिचे नाते सहज लक्षात येईल. देहाला हाडांचे घर म्हटले की तो राहण्याची जागा होतो, आणि घर म्हटले की ते कधीतरी सोडावे लागणार, हेही आलेच. दोन शब्दांत एवढा अर्थ त्या अनाम कवींनी भरला, तोही कोणतीही यादी समोर न ठेवता.

यादी आली ती शाळेतून. आठव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडच्या उत्तरेकडील मठात राहणाऱ्या बीड या विद्वान संन्याशाने अलंकारांवर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. नावे त्याने रोमन व्याकरणकारांकडून घेतली, उदाहरणे मात्र बायबलमधून दिली. ग्रीकांनी ज्यांचा शोध लावल्याचा अभिमान बाळगला ते अलंकार पवित्र ग्रंथात आधीपासूनच होते, असे त्याला दाखवायचे होते. अलंकारांची यादी ही केवळ यादी नसते, तिच्यामागे कोणाचा तरी कशावर तरी हक्क सांगणे असते, याचे हे इंग्लंडमधील पहिले ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

हाच हक्काचा प्रश्न सोळाव्या शतकात इंग्रजी भाषेच्या बाबतीत उभा राहिला. त्या काळी शाळेतली प्रतिष्ठित भाषा लॅटिन. लंडनच्या सेंट पॉल शाळेसाठी इरॅस्मसने १५१२ मध्ये जे पाठ्यपुस्तक सिद्ध केले, त्यात 'तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला' एवढा एकच आशय दीडशेच्या आसपास निरनिराळ्या लॅटिन वाक्यांत मांडून दाखवला होता. मुलांनी हे घोकावे, गिरवावे आणि स्वतः करून पाहावे, असा रिवाज होता. इंग्रजीला हे सगळे झेपेल, यावर अनेकांचा विश्वास नव्हता. १५५० मध्ये रिचर्ड शेरीने इंग्रजीतून अलंकारांवर पुस्तक काढले, तेव्हा पुस्तकाचे नावच इंग्रजी कानांना परके वाटेल, अशी कबुली त्याला आरंभीच द्यावी लागली. मराठीतून शास्त्रविषय लिहू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या पिढ्यांची अडचण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना शेरीची ही अडचण परकी वाटणार नाही.

या प्रयत्नाचे सर्वांत लोभस रूप १५८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' या ग्रंथात दिसते. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते, पण तो जॉर्ज पटनॅमचा मानला जातो. पटनॅमने ठरवले की ग्रीक नावे घोकत बसण्यापेक्षा प्रत्येक अलंकाराला अस्सल इंग्रजी नाव द्यावे. मग उपरोधाला त्याने 'कोरडी थट्टा' म्हटले, अतिशयोक्तीला 'मोठ्या आवाजाचा खोटारडा', सारकॅझमला 'कडू टोमणा', मेटॉनिमीला 'चुकीचे नाव देणारा', ध्वनीवरून शब्द घडवण्याला 'नवे नाव देणारा', आणि लागोपाठ तोच शब्द उच्चारण्याला 'कोकिळेचा मंत्र'. मेटाफर म्हणजे सरळ 'वाहतुकीचा अलंकार'. ही नावे वाचताना अलंकार चालतीबोलती माणसे होतात. दरबारात, बाजारात, चावडीवर आपल्याला भेटलेली माणसे. पण एकही नाव टिकले नाही. विद्वत्तेची झूल ग्रीक नावांवरच शोभते, असे पुढच्या पिढ्यांना वाटले असावे. आज मुंबईत किंवा नांदेडात बसलेला विद्यार्थी 'सिनेकडकी' हा शब्द पाठ करताना घाम पुसतो, त्याचे एक कारण पटनॅमच्या त्या पराभवात आहे.

याच सुमारास यादी फुगतही गेली. हेन्री पीचमचे 'गार्डन ऑफ एलोक्वेन्स' १५७७ मध्ये निघाले आणि त्यात दोनशेच्या जवळपास अलंकार भरले. विशेष म्हणजे आपल्याकडेही हेच चालले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चार होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत ते शंभराच्या वर गेले. एकमेकांची गंधवार्ता नसलेले दोन समाज एकाच शतकात याद्या वाढवीत होते. पण याद्या वाढवणारे हेच लोक मुळाचाही शोध घेत होते. दीक्षितांनी उपमेला निरनिराळ्या भूमिका घेऊन रंगमंचावर येणाऱ्या नटीसारखी म्हटले. बाकीचे पुष्कळसे अलंकार हे तिचेच वेश. पीचमने १५९३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत वेगळीच गोष्ट केली. प्रत्येक अलंकाराखाली त्याने दोन टिपा जोडल्या. एक 'उपयोग' आणि दुसरी 'सावधगिरी'. हा अलंकार कशासाठी वापरावा, आणि तो वापरताना, ऐकताना कशापासून सावध राहावे. ही दुसरी टीप पुढे पाठ्यपुस्तकांतून गळाली. आमच्या मते नुकसान झाले ते येथे.

सावधगिरीचे मात्र पुढच्या शतकात वैरात रूपांतर झाले. इंग्लंड यादवी युद्धातून गेले होते. धर्मोपदेशकांच्या आणि पुढाऱ्यांच्या आवेशपूर्ण भाषेने माणसे कशी पेटतात, हे लोकांनी पाहिले होते. १६५१ च्या 'लेव्हायथन'मध्ये टॉमस हॉब्जने रूपकाचा वापर भाषेच्या गैरवापरांत मोजला आणि रूपके म्हणजे रात्री दलदलीवर दिसणारे फसवे उजेड आहेत असे बजावले. १६६७ मध्ये टॉमस स्प्रॅटने रॉयल सोसायटीचा इतिहास लिहिला. सोसायटीच्या सभासदांनी शब्दांचा फुलोरा टाकून कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या सरळ बोलीकडे, जवळजवळ गणिताच्या रेखीवपणाकडे वळायचे ठरवले आहे, असे त्याने त्यात अभिमानाने नोंदवले. १६९० मध्ये जॉन लॉकने तर अलंकारिक भाषा ही ज्ञानाच्या क्षेत्रात निव्वळ फसवणूक ठरवली.

यातली गंमत वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. रूपकाला फसवा उजेड म्हणणे हेच एक रूपक आहे. ज्या ग्रंथात हॉब्ज हे लिहितो, त्याचे नाव बायबलमधल्या एका अजस्र जलचराचे, आणि त्यात राज्य म्हणजे एक प्रचंड कृत्रिम माणूस कल्पिलेला. मन हे कोरा पांढरा कागद आहे, ही प्रतिमा लॉकने आपल्या त्याच ग्रंथात वापरली आणि तिच्यावर ज्ञानमीमांसेची एक अख्खी परंपरा उभी राहिली. या थोर विचारवंतांच्या विसंगतीला हसावे, म्हणून आम्ही हे सांगत नाही. भाषेतून रूपक हद्दपार करू पाहणाऱ्यालाही ते हद्दपार करण्यासाठी रूपकच लागते, हा या शतकाचा खरा धडा आहे. दागिना असता तर तो काढून ठेवता आला असता.

कवितेच्या प्रांतातही याच शंकेचे पडसाद उमटले. विरहातल्या दोन जिवांना जॉन डनने वर्तुळ काढण्याच्या कंपासाच्या दोन पायांची उपमा दिली होती. एक स्थिर, दुसरा फिरता, आणि फिरत्याचे वर्तुळ पुरे होणार ते स्थिराच्या आधारावर. अशा दूरान्वयी कल्पनांवर डॉ. जॉन्सनने १७७९ मध्ये ठपका ठेवला की येथे विजोड कल्पनांना बळजबरीने एका जुवाला जुंपलेले आहे. हे जू आणि जुंपणेही रूपकच, हे वेगळे सांगावयास नको. १८०० मध्ये वर्डस्वर्थने अमूर्त कल्पनांना माणसासारखे चालवण्या-बोलवण्याच्या ठरीव सवयीविरुद्ध तक्रार केली. १८५६ मध्ये रस्किनने निसर्गावर मानवी भावना लादण्याच्या प्रकाराला 'पॅथेटिक फॅलसी' हे नाव दिले. प्राचीन संस्कृत आलंकारिकांच्या याद्यांत 'चेतनगुणोक्ती' हे नाव नाही. समासोक्ती तिच्या काहीशी जवळची. पण आपण वर्गात जिचे कौतुक करून गुण देतो, तिच्याविषयी इंग्रजीत इतका गंभीर वाद झाला होता, हे विद्यार्थ्यांच्या कानांवर कधी जात नाही.

मग आमच्या त्या दोन रकान्यांचा उगम कोठे? त्याचा माग अ‍ॅबर्डीनला लागतो. अलेक्झांडर बेन हा तेथल्या एका विणकराचा मुलगा. १८६० पासून वीस वर्षे तो तेथेच तर्कशास्त्राचा आणि इंग्रजीचा प्राध्यापक होता. मूळचा तो मानसशास्त्राचा अभ्यासक. 'माइंड' हे आजही निघणारे नियतकालिक १८७६ मध्ये त्याने सुरू केले. १८६६ च्या आपल्या रचनाशास्त्राच्या पुस्तकात त्याने अलंकारांची रास मोडून टाकली आणि मन ज्या रीतींनी चालते त्या रीतींप्रमाणे त्यांची मांडणी केली. दोन गोष्टींतले साम्य पाहणे, दोहोंतला विरोध पाहणे आणि एकत्र असणाऱ्या गोष्टींना मनात एकत्र ठेवणे, म्हणजेच सान्निध्य. साम्यातून उपमा-रूपक, विरोधातून अँटिथिसिस, सान्निध्यातून मेटॉनिमी. हीच विभागणी थोड्या फेरफाराने पुढच्या शालेय व्याकरणांत उतरली. भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या, १९३० च्या दशकातल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातही अलंकारांचे गट साम्य, विरोध, साहचर्य आणि रचना या तत्त्वांवर पाडलेले आहेत. यांतले रेन हे भारतीय शिक्षणसेवेत होते आणि 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरीही त्यांचीच. आपल्या घरोघरच्या त्या जाड पुस्तकातले ते छोटे प्रकरण म्हणजे वास्तविक मानवी मनाचा एक नकाशा होता. आपण त्याची यादी केली.

हा नकाशा किती खोल होता, याची प्रचीती १९५६ मध्ये आली. मेंदूच्या इजेमुळे वाचा बिघडलेल्या रुग्णांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन रोमान याकोब्सनने एक निबंध लिहिला. काही रुग्णांची साम्यावरून शब्द निवडण्याची शक्ती गेलेली असते. ते सुरीला 'काटा' म्हणतात, दिव्याला 'टेबल' म्हणतात, म्हणजे शेजारच्या वस्तूचे नाव घेतात. काहींची शब्द जोडण्याची शक्ती गेलेली असते. ते सूक्ष्मदर्शकाला 'दुर्बीण' म्हणतात, म्हणजे दिसायला सारख्या वस्तूचे नाव घेतात. पहिल्यांपाशी मेटॉनिमी उरते, दुसऱ्यांपाशी मेटाफर. बोलणे मोडून पडल्यावर जे शिल्लक राहते, त्याला दागिना कोण म्हणेल?

येथे आपल्या परंपरेचा एक विशेष नोंदवावासा वाटतो. मेटॉनिमीला मराठीत नेमका अलंकार सुचवता येत नाही, म्हणून अध्यापक चाचपडतात. कारण आपल्या शास्त्रकारांनी तिला अलंकारांत घातलेच नाही. त्यांनी तिची व्यवस्था शब्दशक्तींमध्ये, लक्षणेत केली. गंगेवर गौळवाडा आहे असे म्हटले, तर प्रवाहावर घरे असू शकत नाहीत, म्हणून शब्दाचा अर्थ काठाकडे सरकतो, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. 'घरात दोन चुली झाल्या' म्हणताना आपण हेच करतो. शब्दाची शक्ती म्हणजे अर्थातच शब्दाच्या आतली गोष्ट. तसेच उपमेय आणि उपमान. पाणिनीच्या समासविचारातच उपमान आणि दोहोंतला सामान्य धर्म यांचा उल्लेख आहे. इंग्रजी समीक्षेला रूपकाच्या दोन अंगांसाठी सुटसुटीत जोडनावे मिळण्यासाठी १९३६ उजाडावे लागले. त्या वर्षी आय. ए. रिचर्ड्झ यांनी 'टेनर' आणि 'व्हेइकल' हे शब्द रूढ केले. मात्र रिचर्ड्झ यांचा आग्रह पुढचा होता. रूपकाचा अर्थ या दोहोंपैकी एकात नसून त्यांच्या परस्परव्यवहारात जन्मतो, आणि विचार स्वतःच रूपकाने चालतो. १९८० मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी हाच धागा रोजच्या बोलण्यापर्यंत आणला. इंग्रजी माणूस वादविवादाविषयी बोलताना हल्ला, बचाव, मोर्चा असे शब्द नकळत वापरतो, कारण त्याच्या भाषेने वादाला युद्ध मानले आहे. मराठीतही आपण प्रतिपक्षाला कोंडीत पकडतो. पण मुद्दा आपण 'खोडून' काढतो, म्हणजे तो पाटीवर लिहिलेला असतो. आणि वादाला 'तोंड फुटते', म्हणजे तो गळवासारखा आधीपासून ठणकत असतो. वाद म्हणजे काय, याची समजूत या शब्दांनीच आपल्याला दिलेली असते.

आणि म्हणूनच पीचमची दुसरी टीप महत्त्वाची. पुन्हा 'हात' या शब्दाकडेच जाऊ. इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामगारांना 'हँड्स' म्हणत. अंशावरून पूर्णाचा बोध, म्हणजे सिनेकडकी. एक गुण मिळेल. पण १८५४ च्या 'हार्ड टाइम्स'मध्ये डिकन्सने या शब्दाकडे बोट दाखवले. देवाने या माणसांना फक्त हातच, किंवा फार तर हात आणि पोटच दिले असते, तर काहींना ते अधिक सोयीचे वाटले असते, अशा अर्थाचे बोचरे भाष्य त्याने केले. अलंकाराने हात वाहून आणला आणि उरलेला माणूस झाकून टाकला. आपल्याकडे घरात 'खाणारे एक तोंड वाढले' असे म्हणतात, तेव्हा अलंकार तोच असतो. फक्त हातांऐवजी तोंड उरते. हे वाक्य मुलगा झाल्यावर किती वेळा ऐकू येते आणि मुलगी झाल्यावर किती वेळा, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दुसरे उदाहरण आजाराचे. सुझन सॉन्टॅग यांना स्वतःला कर्करोगाने गाठले होते. १९७८ मध्ये त्यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. कर्करोगाभोवती युद्धाची भाषा आणि रुग्णाच्या स्वभावाला दोष देणाऱ्या कल्पना कशा गोळा झाल्या आहेत, आणि त्यामुळे रुग्णाच्या वाट्याला दुखण्याच्या जोडीला लाज आणि अपराधी भाव कसा येतो, हे त्यांनी दाखवले. आपल्या मृत्युवार्तांत 'कर्करोगाशी झुंज अपयशी' हे शब्द इतके सरावाचे झाले आहेत की ते लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. पण झुंज म्हटली की जय आणि पराजय आलेच. अपयश म्हटले की प्रयत्न कमी पडला, हेही मागोमाग आले. पेशींच्या अनिर्बंध वाढीने जो माणूस गेला, तो जाता जाता हरलेला ठरला.

हेच उदाहरण आम्ही त्या तुकडीच्या शेवटच्या तासाला फळ्यावर लिहिले होते. अलंकाराचे नाव सर्वांनी एका सुरात सांगितले. मग आम्ही विचारले, 'हे रूपक आणते काय आणि झाकते काय?' वर्ग बराच वेळ गप्प होता. अखेर एक मुलगी उठली आणि म्हणाली, ''सर, आमच्या आजीबद्दल असंच छापलं होतं. पण ती लढत नव्हती. ती खूप दमली होती.'' आम्ही त्यावर काही बोललो नाही. फळ्यावरचे वाक्य मात्र पुसले आणि त्या जागी काय लिहिता येईल, ते वर्गालाच विचारले. कोणी 'दीर्घ आजारानंतर' सुचवले, कोणी 'शांतपणे गेल्या' असे. घंटा झाली तरी चर्चा चालू होती.

परीक्षेत त्या प्रश्नाला एकच गुण असतो, आणि तो नाव सांगणाऱ्याला मिळतो. त्याबद्दल आमची फारशी तक्रार नाही, शेकडो उत्तरपत्रिका तपासायच्या तर काही सोय हवीच. परंतु वर्गात तरी पीचमच्या दोन्ही टिपा परत आणता येतील. नाव कळले की उपयोग विचारावा, उपयोग कळला की सावधगिरी. आणि एखाद्याने घड्याळाच्या हातांविषयी विचारले, तर 'हा केवळ वाक्प्रचार आहे' असे मात्र आम्ही पुन्हा सांगणार नाही.